चहा नंतर, आधी गाणं

घरगुती बैठक म्हटलं की डोळ्यांपुढे येतात पांढरी चादर, लोड-तक्के आणि आत चहाच्या आधणापाशी उभी असलेली घरची बाई. बाहेर 'वाहवा' चाललेली आणि हिच्या कानावर कपबशांचा आवाज. मैत्रिणींनो, मला बोलायचंय ते या आतल्या बाईबद्दल.

आमचं कामथडी महामार्गालगतचं, पुणं तसं जवळच. तरी बालगंधर्वला रात्रीचा कार्यक्रम ऐकून परतणं इथल्या बाईला जमत नाही. गाडी कुणाची, सोबत कोण, पहाटे धार कोण काढणार? मग तिच्यापर्यंत पोचतो तो वरातीतला डीजे. सप्ताहात भजन असतं म्हणा, पण तिथंही माइक पुरुषांकडे आणि पंगतीचं वाढप हिच्याकडे.

गेल्या दिवाळीत माझी भाची आयर्लंडहून आली. तिकडे ती फिडल शिकते. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायची ढब तेवढी निराळी. म्हटलं, आमच्या ओसरीवर वाजव. बचत गटातल्या वीसेक जणी जमल्या. अट एकच घातली, वाजवणं संपेपर्यंत गॅस पेटवायचा नाही. एका सासूबाईंनी कुरकुर केलीच, "पाव्हणी आली आन् च्या नाही?" चहा नंतर झाला, आणि तो केला भाचीच्या नवऱ्यानं!

आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या या लोकसंगीताला केल्टिक म्हणतात. त्यातली 'जिग' तीन-तीन अशा सहा मात्रांची, आपल्या दादऱ्याच्या जवळची. शेजारच्या आजींनी दुसऱ्याच फेरीला टाळी धरली. 'रील' चार-चारांची, धावती. धून इवलीशी, दोन भागांची. प्रत्येक भाग दोनदा, मग पुन्हा पहिल्यापासून. कागद नाही, सगळं कानानं शिकायचं. माइक नसल्यामुळे गज तारेवर घासल्याची खरखरसुद्धा ऐकू येत होती, आणि मला तीच आवडली.

हे संगीत तिकडे नाट्यगृहात नव्हे, शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात वाढलं. पाड्रिग ओकीफ (१८८७–१९६३) नावाचे एक मास्तर शाळेची नोकरी सुटल्यावर गावोगाव पायी फिरून घरोघरी फिडल शिकवत. ज्युलिया क्लिफर्ड ही पुढे नावाजलेली वादक त्यांचीच शिष्या. १९३५ साली तिथं कायदा आला, सार्वजनिक नाचाला परवाना हवा. पोलिसांनी आणि धर्मगुरूंनी तो घरातल्या नाचगाण्यावरही उगारला. कितीतरी घरं गप्प झाली.

आपल्याकडे कायदाही लागला नाही. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं जातं थांबलं. जातं गेलं ते बरंच झालं, उगाच त्याचे गोडवे मी गाणार नाही. खांदे भरून यायचे बायांचे. पण त्याच्याबरोबर ओवीही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'नं २०१७पासून त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली, म्हणून आज घरबसल्या ऐकता येतात. मोठंच काम आहे ते. तरी मोबाइलवर एकटीनं ऐकणं वेगळं आणि गुडघ्याला गुडघा लावून ऐकणं वेगळं. समोर बाई गात असली की ऐकणारीलाही आपली एखादी ओवी आठवते.

तसंच झालं. भाचीनं फिडल खाली ठेवलं आणि टाळी धरणाऱ्या आजी कुणी न सांगता ओव्या म्हणायला लागल्या. भाचीनं त्या चालीवर हळूच गज फिरवून पाहिला. सूर जुळायला वेळ लागला, दोघी मध्येच हसत सुटल्या. त्यांच्या सुनेनं नंतर मला सांगितलं, "बावीस वर्षं झाली लग्नाला, आत्या गातात हे मला माहीतच नव्हतं."

आता पुढची बैठक ठरतेय. वेल्ह्याकडच्या एक मावशी यायला तयार आहेत. त्यांची बोळवण नारळ-खणावर करायची की पाकीट द्यायचं, यावर गटात दोन तट पडलेत. "बाईमाणूस आहे, मानानं बोलावलं तेवढं पुरे," असं एकीचं म्हणणं. मी पाकिटाच्या बाजूची. कीर्तनकारबुवांची बिदागी आपण आधी ठरवतो ना? मग मावशींच्या गळ्याला फक्त मान का? जणी वीस पन्नास रुपये काढले तरी बसचं भाडं सुटून बऱ्यापैकी रक्कम हातात पडते. मंगळवारच्या मीटिंगला मी हाच हिशेब मांडणार आहे. चहाची पाळी मात्र या खेपेला कुणाच्या नवऱ्याची, ते अजून ठरलेलं नाही.