हातच्या विद्येला पदवीचे दार



सकाळी जुईनगर स्थानकावर उतरून शिरवण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या लोंढ्यात असे कितीतरी कामगार असतात, ज्यांची शाळा दहावीला सुटली. यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखण्याची विद्या मात्र वाढतच गेली. अशा माणसाने चाळिशीत पदवीसाठी नाव घातले, तर जे तो शिकवू शकेल तेच त्याने पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकावे काय?

महाराष्ट्राने या प्रश्नाचे अर्धे उत्तर फार पूर्वी दिले. 1989 साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि बारावी न झालेल्यांसाठी त्याने पूर्वतयारीचा मार्ग खुला केला. त्यामुळे प्रवेश मिळाला. परंतु अंगच्या ज्ञानाचे श्रेय मिळाले नाही. अभ्यासक्रम सर्वांना सारखाच पुरा करावा लागे.

उरलेले अर्धे उत्तर आता नियमांत उतरले आहे. 2021 साली श्रेयांक साठविण्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने 30 तासांच्या अध्ययनास एक श्रेयांक हे माप ठरविले. कामाच्या अनुभवालाही त्यात स्थान आहे, मात्र मूल्यमापन झाल्यावरच. तीन वर्षांच्या पदवीस किमान 120 श्रेयांक लागतात. वीस वर्षे लेथवर घालविणाऱ्याचे तास मोजले तर आकडा कितीतरी पुढे जाईल! पण तास म्हणजे ज्ञान नव्हे, म्हणून परीक्षा आवश्यकच आहे. अडचण आहे ती परीक्षकाची. लेथचे ज्ञान लेखी प्रश्नपत्रिकेने तपासले, तर उत्तम कारागीर नापास होईल आणि पाठांतर करणारा उत्तीर्ण होईल.

प्रस्तुत संपादकाला याची थोडी चव आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा रीतसर अभ्यास झाल्यावरही विद्यापीठाच्या लेखी आम्ही बारावी पास एवढेच होतो. बहिःस्थ विद्यार्थी म्हणून तोच विषय नव्याने दिला. गुण बरे पडले, हे वेगळे सांगायला नको!

आणखी एक सावधगिरी. 2015 पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वकौशल्याची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळू लागले. त्याचा उपयोग आहे. पण ते प्रमाणपत्र म्हणजे आपोआप पदवीचे श्रेयांक नव्हेत. तसेच, तामिळनाडूतील एका प्रकरणात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने, पहिली पदवी नसताना मुक्त विद्यापीठ पद्धतीने थेट मिळविलेली एम.ए. नोकरीसाठी ग्राह्य धरली नाही. म्हणजे विद्यापीठाने उदार होऊन दिलेला कागद आयोगाच्या नियमात बसला नाही, तर भोगावे लागते विद्यार्थ्यालाच.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील कोणी अशा मार्गाने जाऊ इच्छित असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाला विचारावे : अनुभवाचे किती श्रेयांक धराल, तपासणी कोण करील, आणि ते श्रेयांक माझ्या खात्यात जमा होतील काय? उत्तर लेखी घ्यावे. कार्यालयातील कारकून बदलतात.

— संपादक