विमानांचा शोक आणि माणसांचा विसर

ता. ३० ऑगस्ट २०२१ रोजी मध्यरात्रीस एक मिनिट उरले असता शेवटचे अमेरिकन विमान काबूलच्या धावपट्टीवरून उडाले आणि वीस वर्षांच्या युद्धावर पडदा पडला. तो पडतो न पडतो तोच अमेरिकेत लोकक्षोभ उसळला. विमानतळावर मागे राहिलेल्या विमानांत चढून तालिबानचे सैनिक पाहणी करीत आहेत, अशी छायाचित्रे घरोघर पोहोचली, आणि ‘आमची विमाने शत्रूच्या पदरात टाकली’ असा एकच ओरडा झाला. पंच्याऐंशी अब्ज डॉलरांची सामग्री फुकट गेली, हे वाक्य त्या वेळी सत्तेबाहेर असलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी वारंवार उच्चारले व लाखो मुखांनी ते घोकले. हा संताप ढोंगी होता, असे आमचे म्हणणे नाही. तो भलत्याच ठिकाणी खर्ची पडला, आणि म्हणून ज्यांच्यावर कोसळावयास हवा होता ते सारे सुखरूप निसटले, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम हिशेबाचे पाहू. पंच्याऐंशी अब्ज हा आकडा विमानांचा नव्हे, शस्त्रांचाही नव्हे. दोन दशकांत अफगाण सैन्य व पोलीस यांच्यावर झालेल्या एकंदर खर्चाच्या आसपासची ती रक्कम होय. तीत शिपायांचे पगार आले, शिक्षण आले, इंधन आले, इमारती आल्या. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२२ मध्ये काढलेल्या हिशेबाप्रमाणे मागे राहिलेल्या सामग्रीची किंमत ७.१२ अब्ज डॉलर होती, आणि काबूलच्या विमानतळावर राहिलेल्या विमानांची किंमत एक अब्जाहूनही कमी होती. ही रक्कम लहान नाही. परंतु ज्याला आपल्या क्रोधाचा आकडा दसपटीने फुगवावा लागतो, त्याला मूळ अपराध नीट दिसलेला नसतो.

आता दुसरा पक्ष. सरकारच्या कैवाऱ्यांनी उत्तर दिले की, निघण्यापूर्वी आमच्या सैनिकांनी ७३ विमाने निकामी करून ठेविली. त्यांतील बहुतेक आधीच नादुरुस्त होती. तेव्हा शत्रूला लाभ तो काय झाला? वकिली उत्तर म्हणून हे बरे आहे. पण यातच मोठी कबुली दडलेली आहे. बहुतेक विमाने आधीच उडत नव्हती, तर ती गमावली केव्हा? ऑगस्टात खास नव्हे.

ती कशी गमावली हे पाहावयाचे असल्यास काही वर्षे मागे गेले पाहिजे. अफगाण हवाई दलासाठी इटालियन बनावटीची जी २२२ जातीची वीस मालवाहू विमाने घेण्यात आली. या उपक्रमावर सुमारे ५५ कोटी डॉलर खर्च झाले. सुटे भाग मिळेनात, विमाने नीट उडेनात. अखेर २०१४ मध्ये त्यांपैकी सोळा काबूलमध्ये भंगारात काढली गेली, आणि हाती आले सुमारे चाळीस हजार डॉलर! त्या वेळी अमेरिकेत कोठे मोर्चा निघाला नाही. पुढे रशियन बनावटीची एमआय-१७ हेलिकॉप्टरे बदलून अमेरिकन ब्लॅक हॉक देण्याचे ठरले. पहिल्या यंत्राची बरीचशी देखभाल अफगाण कारागीर स्वतः करीत. दुसऱ्यासाठी त्यांना परकी कंत्राटदारांच्या तोंडाकडे पाहावे लागे. उंच डोंगरांच्या त्या मुलखात भार वाहण्यास पहिलेच अधिक सोयीचे होते. परंतु घेणाऱ्याची सोय पाहतो कोण?

आणि मग २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे करार झाला. त्यात चौदा महिन्यांत केवळ सैन्यच नव्हे, तर कंत्राटदार, शिक्षक व साहाय्यक सेवकवर्गही काढून घेण्याचे वचन होते. मेकॅनिक गेल्यावर अफगाणांचे एकही जातीचे विमान काही महिन्यांपलीकडे लढण्याजोगे राहणार नाही, असा इशारा २०२१ च्या आरंभी अमेरिकेच्याच तपासणी यंत्रणेने दिला होता. करार ट्रम्प यांच्या राजवटीने केला, अंमल बायडेन यांच्या राजवटीने केला. एका हाताने फास विणला, दुसऱ्याने ओढला. आणि मागाहून दोन्ही हात एकमेकांकडे बोट दाखवू लागले.

या गदारोळात माणसांचे काय झाले? काबूल पडण्यापूर्वीच्या महिन्यांत तालिबानने अफगाण वैमानिकांना छावणीबाहेर एकेकटे गाठून ठार मारण्याचे सत्र चालविले होते. ऑगस्टच्या मध्यास ४६ विमाने व हेलिकॉप्टरे घेऊन ५८५ अफगाण उझबेकिस्तानात उतरले. त्या ४६ यंत्रांच्या मालकीचा वाद पुढे दीर्घकाळ गाजत राहिला. २६ ऑगस्टला विमानतळाच्या दारात झालेल्या स्फोटात तेरा अमेरिकन सैनिक व सुमारे १७० अफगाण गेले. तेरांची नावे राष्ट्राला पाठ झाली, एकशेसत्तरांची संख्या ‘सुमारे’च राहिली. २९ ऑगस्टला अमेरिकन ड्रोनने दहा निरपराध माणसे मारली, त्यांत सात मुले होती. पंच्याऐंशी अब्जांच्या घोषात हा दहाचा आकडा कोणाच्या कानी पडावा?

आपल्याकडे १७६१ मध्ये पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना मिळालेल्या सांकेतिक पत्राची कथा परंपरेने चालत आली आहे. त्या पत्रात पडलेल्या वीरांना मोत्यांची व मोहरांची नावे दिली होती. तेथे नाणी मोजली ती माणसांसाठी. येथे माणसे गाडली गेली ती नाण्यांच्या राशीखाली. अमेरिकेच्या स्वतःच्या इतिहासातही धडा होता. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडत असता मिडवे या युद्धनौकेच्या कप्तानाने लक्षावधी डॉलरांची हेलिकॉप्टरे समुद्रात लोटून दिली. कशासाठी? एक दक्षिण व्हिएतनामी वैमानिक पत्नी व पाच मुलांना चिमुकल्या विमानात घालून वर घिरट्या घालीत होता. त्याला उतरण्यास जागा हवी होती. गमावलेल्या त्या हेलिकॉप्टरांविषयी आज कोणी हळहळत नाही. सात जीव वाचले एवढेच जगाने लक्षात ठेविले.

दूरच्या देशाच्या या भांडणाशी आपणांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. जो देश परक्यांची विमाने विकत घेतो, त्याच्या नागरिकाने किमतीपाठोपाठ एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हे यंत्र बिघडल्यावर पाना कोणाच्या हाती असेल? आणि जो देश परक्यांच्या भूमीत लढावयास जातो, त्याच्या नागरिकाने त्याहून कठीण प्रश्न विचारला पाहिजे: आपल्या शब्दावर विसंबून जे आपल्याबरोबर उभे राहिले, त्यांना परतीच्या विमानात जागा आहे काय? अमेरिकन जनतेने हे दोन्ही प्रश्न वीस वर्षे विचारले नाहीत. शेवटच्या दिवशी तिने फक्त पावती मागितली.