‘राष्ट्रीय’ कोण आणि ‘प्रादेशिक’ कोण?

दिल्लीहून इंग्रजींत निघणारें वर्तमानपत्र ‘राष्ट्रीय’ आणि पुण्याहून मराठींत किंवा कोट्टायमहून मल्याळमांत निघणारें ‘प्रादेशिक’, ही वांटणी आपल्या सुशिक्षित वर्गानें निमूटपणें मान्य केली आहे. इंग्रजी शिकवूनच आमचें पोट भरतें. त्या भाषेशीं आमचें वैर नाहीं. पण २०११ च्या शिरगणतींत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून सांगणारे तीन लाखांहूनहि कमी भरले आणि मराठी सांगणारे आठ कोटींवर. इंग्रजी सर्व प्रांतांत समजते, असें उत्तर मिळेल. खरें आहे, प्रत्येक प्रांतांतील थोडक्यांस समजते! थोडक्यांची ती राष्ट्राची आणि कोट्यवधींची ती कोपऱ्यांतली, हा कोठला न्याय?

या पंक्तिप्रपंचाचें मूळ जुनें आहे. १८७८ सालीं लॉर्ड लिटननें देशी भाषांतील पत्रांस जखडणारा कायदा केला आणि इंग्रजी पत्रांस त्यांतून वगळलें. पुढें लॉर्ड रिपनच्या कारकीर्दींत तो रद्द झाला; आमच्या मनांतून मात्र तो अद्याप गेलेला नाहीं.

१९०८ सालीं आजच्या बिहारांतील मुझफ्फरपुरास बाँब पडला. त्यावर पुण्याच्या ‘केसरी’नें मराठींत अग्रलेख लिहिले, आणि त्यांबद्दल टिळकांस मुंबईच्या हायकोर्टांत सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावें लागलें. मुझफ्फरपुराशीं पुण्यास काय कर्तव्य, असें टिळकांस वाटलें नाहीं. मराठी पत्र म्हणून त्याकडे दुर्लक्ष करावें, असें सरकारासहि वाटलें नाहीं. ‘केसरी’ प्रादेशिक नव्हे, हें परक्या सत्तेस कळलें. आम्हांस कळूं नये काय?

मात्र सारा दोष इंग्रजी पत्रांच्या माथीं मारून मोकळें होतां येणार नाहीं. आसामांतील पूर किंवा तामिळनाडूंतील भाषावाद मराठी वाचकास कळतो तो बहुधा इंग्रजी मजकुराच्या तर्जुम्यांतून. शेजारच्या कानडी, तेलुगु वा गुजराथी पत्रांत आज काय लिहून आलें, हें मुळांतून वाचून सांगणारा एक तरी माणूस आमच्या प्रत्येक संपादकानें पदरीं बाळगावा. भिंतीपलीकडील भावाचें बोलणें जन्मभर दुभाष्याच्या तोंडून ऐकावयाचें आणि सभेंत बंधुत्वाच्या शपथा घ्यावयाच्या, हें ढोंग आहे. ‘प्रादेशिक’ हा शब्द लोकांनीं आम्हांस चिकटविला खरा. पण आपली दृष्टि प्रांताच्या वेशींत कोंडून घेऊन तो सार्थ करण्याचें पाप आमचें आहे.