झॉम्बींना डोकं देऊ नका

झॉम्बींचा टेबलावरचा युद्धखेळ घ्यायचा ठरला की बहुतेक जण आधी मिनिएचर बघतात. फाटक्या कपड्यांतली, जेमतेम इंच-सव्वा इंच उंचीची ती प्रेतं मोहात पाडतात, यात शंका नाही. पण 28 मिलिमीटर मापाची ही मंडळी कुठल्याही कंपनीची असली तरी कुठल्याही नियमांत खपून जातात. नियमांचं तसं नाही. ते फसले की चाळीस झॉम्बी समोर उभे असूनही कुणाला भीती वाटत नाही आणि तासाभरात अर्धे खेळाडू मोबाइल बघत बसतात.

नियम पारखताना पहिला प्रश्न हवा तो हा: झॉम्बींना हलवतं कोण?

त्यांची सूत्रं एखाद्या खेळाडूच्या हाती दिली की तो सेनापतीसारखा विचार करू लागतो. निम्मे झॉम्बी मागच्या गल्लीने पाठवतो, उरलेले दाराआड दबा धरून ठेवतो. ही लढाई झाली. यात झॉम्बी कुठे आला? जॉर्ज रोमेरो यांच्या 1968 सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने रूढ केलेलं हे प्रेत मंद आहे. त्यातला पहिला झॉम्बी दगडाने मोटारीची काच फोडतो हे खरं, पण डावपेच काही आखत नाही. त्याची दहशत असते ती संख्येची आणि न थकण्याची.

हे मर्म ‘झॉम्बिसाइड’ला सापडलं. 2012 साली किकस्टार्टरवर लोकांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या या खेळात सगळे खेळाडू एका बाजूला असतात आणि झॉम्बी कुणाचेच नसतात. माणूस दिसला तर त्याच्याकडे जायचं, नाही तर जिथे गोंगाट जास्त तिकडे, एवढंच त्यांना कळतं. बंदूक चालवली किंवा दार धाडकन फोडलं की गोंगाट होतो. दोन वाटा सारख्याच लांबीच्या निघाल्या तर जमाव दुभंगतो. एखाद्या प्रकारच्या बाहुल्या डब्यात उरल्याच नाहीत, तर टेबलावर असलेल्या त्या प्रकारच्या झॉम्बींना जादा चाल मिळते. प्लास्टिकच्या तुटवड्याचीही धास्ती वाटावी, ही करामत दाद देण्यासारखी आहे.

त्याच्या पहिल्या आवृत्तीत एक तिरपागडा नियम होता. मित्र उभा असलेल्या चौकटीत गोळी झाडली की ती आधी मित्रालाच लागायची. यावर भरपूर वाद झाले. दुसऱ्या आवृत्तीत फक्त नेम चुकलेली गोळी मित्राला लागते. हा बदल योग्यच आहे. पात्रांनी घाबरावं, खेळाडूंनी चिडू नये.

मात्र ‘झॉम्बिसाइड’ तयार चौकटींच्या पटावर चालतो. 2022 च्या ‘झोंबिवली’ने मराठी प्रेक्षकाला खुद्द डोंबिवलीत झॉम्बी दाखवले; टेबलावर तसलं एखादं उपनगर उभारावंसं वाटलं तर हा पट कामाचा नाही. दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे मांडलेल्या हातांना पुठ्ठ्याची चाळ आणि रेल्वेचा पूल करायला कितीसा वेळ लागणार? अशा वेळी चौकटी नसलेले, टेप लावून अंतर मोजणारे नियम घ्यावेत.

त्यांत मँटिक कंपनीचा ‘द वॉकिंग डेड: ऑल आउट वॉर’ (2016) दोघांच्या चुरशीला बरा. दोन टोळ्या एकमेकींवर उठलेल्या आणि मधे भटकणारी, आवाजाला वळणारी प्रेतं. धूर्त खेळाडू त्यांना प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर लोटतो. ऑस्प्रेने 2018 मध्ये काढलेल्या ॲश बार्कर यांच्या ‘लास्ट डेज’ची गोडी सलग मोहिमेत आहे: आसरा सांभाळा, रसद शोधा, माणसं टिकवा. एका संध्याकाळपुरता तो घेण्यात अर्थ नाही.

या सगळ्यांत उजवा मात्र दिसायला सर्वांत साधा असलेला ‘ऑल थिंग्ज झॉम्बी’. एड टेक्सेरा यांच्या ‘टू अवर वॉरगेम्स’च्या या नियमांत झॉम्बींना डोकं नाहीच, वर माणसांचंही पुरतं ताब्यात नसतं. समोर अचानक संकट उभं ठाकलं की पात्र गोळी झाडेल, आडोसा धरेल की पळत सुटेल, हे खेळाडू ठरवत नाही. त्या पात्राची ‘रेप’ म्हणजे कुवत आणि फासे ठरवतात. त्यामुळे जोडीदाराशिवायही डाव रंगतो. आपल्याकडे हा छंद असलेले लोक विरळ, तेव्हा ही सोय किरकोळ नव्हे. काहींना हातून सूत्रं निसटणं खुपतं. त्यांनी बुद्धिबळ खेळावं.

खर्चाचं बोलायचं तर भरगच्च डब्याचा मोह आवरून आधी नियमपुस्तक घ्यावं आणि सुरुवातीला बाहुल्यांच्या जागी बटणं ठेवावीत. पण तेही घेण्यापूर्वी झॉम्बींच्या पाळीचा भाग तेवढा वाचून बघा. तो दोन पानांपेक्षा लांब असेल तर पुस्तक परत ठेवा.