चढावे कसे, उतरावे कसे

आमच्या इंग्रजीच्या वर्गात वाक्प्रचारांचा तास म्हणजे पाठांतराचा तास. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी किंवा कन्नड, मध्ये एक उभी रेघ. 'क्लाइंब डाउन' म्हणजे माघार घेणे, 'क्लाइंब द लॅडर' म्हणजे बढती मिळवत जाणे, 'क्लाइंब द वॉल्स' म्हणजे बेचैन होणे. चढण्याचे असे वीसएक वाक्प्रचार मला घडाघडा येत होते आणि परीक्षेत त्यांचे गुणही पडले. या पद्धतीविषयी चार शब्द लिहावेसे वाटले ते एका अनुभवामुळे.

माझे मामा सुरतेजवळ इच्छापोरला असतात. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. तापीच्या मुखाकडचा हा सारा मुलूख तळहातासारखा सपाट; चढायचे ते माणसाने उभारलेल्या लोखंडावर. मामा परांची बांधणाऱ्या टोळीचे मुकादम. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत ते एके सकाळी मला कामाच्या फाटकापर्यंत घेऊन गेले. कारखान्याचे नाव सांगत नाही. तेथे इंग्रजीत एक फलक होता : उंचीवर काम करताना 'ऑलवेज टाय ऑफ'.

टोळीत खानदेशातला एक नवा मुलगा होता, बारावी पास. मामांनी त्याला फलकाचा अर्थ विचारला. तो म्हणाला, "पट्टा सोडून ठेवायचा. वर अडकतो ना तो."

लाइट ऑफ म्हणजे बंद, रविवार ऑफ म्हणजे सुटी, बूट 'टेक ऑफ' म्हणजे काढा. मग 'टाय ऑफ' म्हणजे बांधलेले सोडा! त्याचा तर्क कोठे चुकला? मामा हसले नाहीत. त्यांनी त्याच्या पट्ट्याचा हूक धरला, शेजारच्या पाइपाला खटकन अडकवला आणि जोराने ओढून दाखवला. "याला म्हणतात टाय ऑफ." मग माझ्याकडे वळून, "काय रे प्रोफेसर, बरोबर ना?"

मी मान डोलावली. खरे सांगायचे तर मलाही तो अर्थ त्याच क्षणी कळला होता.

इंग्रजीतले हे छोटे शब्द शेपटासारखे मागे लोंबतात असे आपण समजतो. वस्तुतः सारा अर्थ तेच फिरवतात. 29 मे 1953 रोजी एव्हरेस्टहून उतरताना हिलरीने जॉर्ज लो याला जे सांगितले, त्यातही 'नॉक ऑफ' होते. शब्दकोश उघडून बसणाऱ्यास वाटावे, यांनी शिखर धक्का मारून पाडले की काय! असो.

मूळ अडचण अशी की मराठीत चढणे आणि उतरणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. कन्नडमध्येही हत्तु आणि इळि. दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. इंग्रजीतला 'क्लाइंब' मात्र हातापायांनी कसे जायचे तेवढे सांगतो. कोठे जायचे ते 'अप', 'डाउन', 'इंटू', 'आउट' यांनी ठरवायचे. म्हणून 'क्लाइंब डाउन' हे आपल्या कानाला 'खाली चढ' असे विचित्र वाटते. आपण बसमधून 'गेट डाउन' होतो तेही आपल्या 'उतरणे'मुळेच. इंग्रज 'गेट ऑफ' होतो. पुन्हा तो 'ऑफ'!

हे एकदा समजले की तुलनेत मजा येऊ लागते. आपण अंगावर कोट चढवतो, म्हणजे कोट माणसावर चढतो. इंग्रजीत माणूसच कपड्यांत 'क्लाइंब' करून शिरतो. आपल्याकडे दारू चढते, गंज चढतो, कर्ज चढते. इंग्रजाची दारू डोक्याकडे नुसती 'जाते'. आमचे कन्नड मित्र माजलेल्या माणसाविषयी म्हणतात, 'पित्त नेत्तिगेरितु', पित्त टाळूवर चढले. आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याची कला मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही भाषांत आहे. इच्छापोरच्या गुजराती मंडळींना हा वाक्प्रचार मला समजावून सांगावा लागला नाही. त्यांनीच तो माझ्यावर वापरला.

उभ्या रेघेची ही वही यातले काहीच सांगत नाही. काही प्राध्यापक म्हणतील, महाविद्यालय म्हणजे परांचीवाल्यांचा वर्ग नव्हे. मान्य. पण आमच्यापैकी किती जण उद्या पुण्याला, हुबळीला, सुरतेला साइटवर सुपरवायझर म्हणून जाणार आहेत? असले फलक लिहिणारे आणि वाचून दाखवणारे तेच असतील. तेव्हा परीक्षेत 'अर्थ लिहा' हा प्रश्न काढून टाकावा आणि प्रसंग द्यावा : माणूस शिडीवर आहे, त्याला काय सांगाल? इंग्रजीत सांगा, मग त्याच्या भाषेत सांगा. दुसऱ्या उत्तराला अधिक गुण द्यावेत. आणि जो फलक वाचून माणूस वर चढणार, तो त्या माणसाच्या भाषेत असावा, हे सांगायला इंग्रजीची पदवी लागू नये.

त्या दिवशी मामांनी फलकाखाली खडूने मराठी, गुजराती आणि हिंदीत लिहिले : आधी हूक अडकव, मग चढ. पावसाळा सुरू झाल्यावर मी फोन करून विचारले, धुऊन गेले असेल ना? म्हणाले, दोनदा गेले. तिसऱ्यांदा ऑइलपेंटने लिहिले आहे.