गाडी ओढेना, म्हणून गिअरबॉक्सच गेला असे समजू नका

मंडळी, ट्रॅक्टर आणि मोटरसायकलच्या जोडीला आता पुष्कळ घरांच्या ओट्यापुढे एक व्हॅन उभी असते. 1984 साली मारुतीची व्हॅन आली, तिलाच पुढे आपण ओम्नी म्हणू लागलो. ती 2019 साली बनायची बंद झाली तरी जुन्या ओम्नी अजून धावत आहेत, आणि 2010 पासून ईको आहे. आजीला दवाखान्यात न्यायचे, पोरांना शाळेच्या रस्त्याला सोडायचे, मंगळवारच्या बाजाराला कोथिंबिरीच्या जुड्या टाकायच्या आणि लग्नसराईत अर्धे वऱ्हाड कोंबायचे, हे सारे ती एकटी करते. म्हणून ती बसली की सगळ्या घराचे चाक अडते.

मराठवाड्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका असे त्या लिहितात, म्हणून छापत नाही. त्यांची ईको चढाला ओढत नाही. रेस दिली की इंजिन ओरडते, पण गाडी काही उचलत नाही. वर जळका वास येतो. जागेवरून निघताना खालून ‘टक्क’ असा आवाजही येतो. तालुक्याच्या गॅरेजमध्ये गाडी पाच मिनिटे फिरवून सांगण्यात आले, की गिअरबॉक्स गेला, नवीन किंवा जुन्या बाजारातला बसवावा लागेल, आधी निम्मी रक्कम द्या. घरात सोयाबीनची पोती आहेत, पण भाव पडलेला आहे. सासूबाईंना दर पंधरा दिवसांनी शहरातल्या दवाखान्यात न्यावे लागते. “सोयाबीन विकून गाडी करावी की भावाची वाट पाहावी?” असे त्या विचारतात.

ताई, इथे बसून मला तुमची गाडी दिसत नाही. पण तुम्ही जी लक्षणे लिहिली आहेत ती गिअरबॉक्सची नाहीत, क्लचची आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा हा प्रकार वाटतो. सोयाबीनला आज हात लावू नका. आधी मी पुढे सांगतो त्या दोन-तीन परीक्षा करून घ्या. आणि ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्या इतर वाचकांनीही हे वाचून ठेवावे, कारण ही वेळ सांगून येत नाही.

इंजिनाची ताकद चाकापर्यंत कशी जाते ते आधी पाहू. ओम्नी आणि ईको या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि ताकद मागच्या चाकांना मिळते. इंजिनानंतर क्लच, क्लचनंतर गिअरबॉक्स, तिथून गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब शाफ्ट, आणि शेवटी मागच्या आसातले डिफरन्शियल. शाफ्टला सांधे असतात, त्याला मिस्त्री लोक क्रॉस म्हणतात. या साखळीतली कोणतीही कडी बिघडली तरी आपण मात्र “गिअर गेला” एवढेच म्हणतो. पोटात दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकाचे अपेंडिक्स कापावे तसे हे झाले.

क्लच म्हणजे काय, तर जाते आठवा. वरची तळी खालच्या तळीवर घट्ट दाबून धरली आणि खालची फिरवली, तर वरचीही तिच्याबरोबर फिरेल. दाब सैल केला की खालची फिरत राहील आणि वरची थांबेल. तुम्ही क्लचचे पेडल दाबता तेव्हा हा दाब सैल होतो. मधल्या प्लेटवर ब्रेकच्या अस्तरासारखे अस्तर असते आणि ते वर्षागणिक झिजते. फार झिजले की तळ्या एकमेकींवर घसरू लागतात. इंजिन फिरते, चाक त्या मानाने फिरत नाही, आणि घासण्याने अस्तर जळून वास येतो. चढावर, भरल्या गाडीत आणि वरच्या गिअरमध्ये हे आधी कळते, कारण जोर तिथे जास्त लागतो. ताई, तुमच्या पत्रात हेच सगळे आहे.

परीक्षा अशी. सपाट जागेवर गाडी उभी करा, चाकांना दगड लावा, पुढे-मागे कोणी उभे राहू नये. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि उजव्या पायाने ब्रेकही दाबून धरा. इंजिन सुरू करून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धडपडून बंद पडेल. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन आरामात चालत राहिले, तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर राहिलेले अस्तरही जळेल.

मात्र क्लच घसरतो म्हणजे प्लेट संपलीच असेही नाही. या गाड्यांत क्लच केबलवर चालतो. पेडल हाताने दाबून पाहा, सुरुवातीची थोडी चाल मोकळी लागली पाहिजे. किती, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असते. (ते पुस्तक कपाटात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सापडते, असा माझा अनुभव आहे.) मोकळी चाल अजिबात नसेल तर केबल क्लचला कायम थोडी ओढून धरते आणि तो घसरतो. मग केबल नीट लावून देणे एवढेच काम, अर्ध्या तासाचे. उलट चाल फार वाढली किंवा केबल ताणली तर क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि इंजिन चालू केले की एकही पडत नाही, पडलाच तर कर्रकन ओरडून. तिथेही गिअरबॉक्स बिचारा निर्दोष असतो.

निघतानाच्या ‘टक्क’ आवाजाकडे आता येऊ. पुढे जाताना एकदा आणि रिव्हर्स टाकताना एकदा असा आवाज आला, तर बहुतेक शाफ्टचा क्रॉस ढिला झालेला असतो. गाडी बंद करून, चाकांना दगड लावून, शाफ्ट हाताने पुढे-मागे फिरवून पाहा. सांध्यात खेळ असेल तर हाताला लगेच कळतो. क्रॉस बदलणे हे लहान काम आहे, पण ते टाळू नये. चालत्या गाडीत शाफ्ट सुटून खाली पडला तर काय होईल ते सांगायला नको. क्रॉस ठीक निघाला तर डिफरन्शियलचे दाते पाहावे लागतील. सगळ्याच गिअरमध्ये मागून घूंऽऽ असा आवाज येत असेल आणि रेस देताना व सोडताना तो बदलत असेल, तर शंका तिकडेच घ्यावी.

मग खरोखर गिअरबॉक्सचा दोष कसा ओळखावा? एखादाच गिअर टाकताना दरवेळी कर्र होत असेल आणि बाकीचे गिअर शांत असतील, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे. चालता चालता एकच गिअर आपोआप निसटून न्यूट्रल होत असेल, तर त्याचे दाते, काटा किंवा अडकवणारी स्प्रिंग गेली आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना गुरगुर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग पाहा. याच्या उलट, क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर ते क्लचचे रिलीज बेअरिंग. एवढे कान लावून ऐकले आणि मिस्त्रीला नेमके सांगितले, की त्याचेही काम सोपे होते. आणि खरा दोष निघाला तरी एका गिअरच्या दुखण्यासाठी सबंध गिअरबॉक्स बदलायची गरज नसते. खोलून सिंक्रो आणि बेअरिंगे बदलता येतात.

यात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गिअरचे तेल. इंजिनाचे ऑइल आपण पाहतो, गिअरबॉक्सचे कोणी पाहत नाही, कारण बहुतेक गाड्यांत त्याला मोजायची काडीच नसते. बाजूला एक बोल्ट असतो, गाडी सपाटीवर ठेवून तो काढला की तेल भोकाच्या काठापर्यंत लागले पाहिजे. सील गळून तेल कमी झाले तर दाते कोरडे घासतात आणि चांगला गिअरबॉक्स थोड्या दिवसांत मातीमोल होतो. गाडी उभी राहते त्या जागी जमिनीवर तेलाचा डाग दिसतो का, हे अंगण झाडणाऱ्या बाईला सगळ्यांच्या आधी कळते. तिने ते सांगावे आणि घरच्यांनी ऐकावे.

तेल बदलताना ते पांढऱ्या भांड्यात काढायला सांगा. बारीक करडा गाळ असेल तर घाबरू नका, ती रोजची झीज. धातूचे तुकडे किंवा पिवळे पितळी चकचकीत कण दिसले, तर खोलावे लागेल. तेल ताकासारखे पांढुरके निघाले तर त्यात पाणी शिरले आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर असे होते, आणि तेव्हा डिफरन्शियलचे तेलही काढून पाहावे. नवीन तेल पुस्तकात लिहिले आहे त्याच दर्जाचे घाला. डिफरन्शियलचे दाट तेल उरले म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका, त्यातल्या काही मसाल्यांनी सिंक्रोच्या पितळेला त्रास होऊ शकतो.

आता मिस्त्रीशी व्यवहाराचे बोलू. सगळे मिस्त्री लबाड असतात असे मी म्हणणार नाही. गावातल्या मिस्त्रीला आपल्यातच राहायचे असते, आणि पुष्कळ जण गिऱ्हाइकाच्या घाईमुळेच अंदाजाने बोलतात. तरी “नवा बसवा” म्हटल्याबरोबर मान डोलावू नये. नेमका कोणता भाग गेला आणि तो कशावरून ओळखला, हे विचारा. खर्चाचा अंदाज कागदावर घ्या. काढलेले जुने भाग परत मागा, ते तुमचेच आहेत. क्लचचे काम निघाले आणि त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला आणि इंजिनाच्या मागच्या बाजूचे ऑइल सीलही पाहून घ्या. उतरवण्याची मजुरी एकदाच पडते, सहा महिन्यांनी पुन्हा का द्यायची? जुन्या बाजारातला गिअरबॉक्स घ्यायचाच झाला तर तो आपल्याच मॉडेलचा आहे का ते तपासा, आणि किती दिवसांची हमी ते पावतीवर लिहून घ्या.

पक्के बिल घेतलेच पाहिजे. काम वाईट झाले तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. पण बिल नसेल तर बोलायचे कशाच्या जोरावर? विम्याची मात्र आशा धरू नका. अपघाताचे नुकसान विमा देतो, झिजेचे आणि आपोआप झालेल्या यांत्रिक बिघाडाचे नेहमीचा गाडीविमा देत नाही.

क्लच लवकर का जातो हेही स्पष्ट सांगतो, कोणाला राग येवो. सात जणांच्या गाडीत बारा जण आणि टपावर कांद्याच्या गोण्या, हे एक. दुसरे, चालवताना डावा पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवणे. तिसरे, चढावर थांबल्यावर हँडब्रेक न ओढता अर्ध्या क्लचवर गाडी झुलवत ठेवणे. आमच्या तरुण मंडळींना यात फार कौशल्य वाटते. चिखलात चाक रुतल्यावर रेस देऊन क्लच जाळण्यापेक्षा चार माणसे उतरवून ढकलणे स्वस्त पडते. आणि घाटउतारावर तेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणारे तर जिवाशी खेळतात, कारण मग सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

गाडी रस्त्यातच बंद पडली तर आधी पोरेबाळे आणि म्हातारी माणसे खाली उतरवून रस्त्यापासून दूर उभी करा, आणि गाडीच्या मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवा. ट्रॅक्टरला दोर बांधून दहा-वीस किलोमीटर ओढत नेऊ नका. इंजिन बंद असले आणि मागची चाके फिरत राहिली, तर गिअरबॉक्समध्ये तेल नीट उडत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. क्लचचे दुखणे मग खरोखरच गिअरबॉक्सचे होते. ओम्नी-ईकोसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी मागची चाके उचलून न्यावी, किंवा शाफ्टचे मागच्या टोकाचे बोल्ट सोडून तो वर घट्ट बांधून न्यावी. अर्टिगासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाके उचलावी लागतात. पूर्ण गाडी टेम्पोवर चढवता आली तर सगळ्यात उत्तम. थोडे अंतर ओढायचेच असेल तर न्यूट्रल करा, स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली फिरवलेली ठेवा, आणि लक्षात असू द्या की इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल दगडासारखे जड लागते. म्हणून स्टिअरिंगवर घरातला दणकट, अनुभवी माणूसच बसवावा.