काळीज जड नसतं, तेल जड असतं

‘काळीज पचायला जड’ असं आमच्या बारामतीकडे सर्रास म्हणतात. मला हे पटत नाही. जड असते ती त्यावरची तेलाची तर्री. १०० ग्रॅम कोंबडीच्या काळजात चरबी असते सुमारे ५ ग्रॅम, आणि मोठ्या चमचाभर तेलात १३-१४ ग्रॅम! इंदापूर रस्त्याच्या धाब्यावरची कलेजी संपल्यावर रिकामी ताटली तिरकी करून बघा, म्हणजे कळेल.

(मराठीची शिक्षिका म्हणून एक गंमत सांगते. माया, धाडस, धास्ती सगळं आपण काळजात ठेवलं. पण खाटकाकडे मागतो ते काळीज म्हणजे शास्त्राच्या पुस्तकातलं यकृत. असो.)

माझा खरा राग वेगळाच आहे. मटण आणलं की काळीज आधी कर्त्या पुरुषाला, मग धाकट्या नातवाला. हल्ली तर त्याचा चकणाच झालाय. आणि ज्यांना लोहाची गरज, त्या लेकीसुना रश्श्यात भाकरी कुस्करून उठतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आणि १०० ग्रॅम कोंबडीच्या काळजात सुमारे ९ मिलिग्रॅम लोह असतं, शिवाय बी-१२.

याचा धागा आपल्या मुंबईतही आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला तिथे आल्या. काळजाच्या आणि यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो, हे त्यांना दिसलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. गरोदर बाईला दवाखान्यात देतात त्या गोळीत तोच असतो. मात्र गरोदरपणी गोळीच घ्यावी, काळीज टाळावं. त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की बाळाला बाधू शकतं. गाऊट किंवा कोलेस्टेरॉलवाल्यांनीही डॉक्टरांना विचारूनच खावं.

आता कृती. फ्रेंच लोक काळीज वाटून त्याचं पाटे करतात, पावावर लावून खातात. पण त्यात लोणी आणि साय सढळ हाताने. म्हणजे त्यांचीही तर्रीच, फक्त पांढरी! आपण लोण्याऐवजी चक्का घेऊ.

पाव किलो कोंबडीचं काळीज धुऊन घ्या. पित्ताची हिरवी पिशवी चिकटलेली असेल तर न फोडता काढा, नाहीतर सगळं कडूजहर. चहाच्या एका चमच्याएवढ्या तेलात कांदा मऊ करा, आलं-लसूण आणि हळद घाला, काळीज टाकून झाकण ठेवा. वाफेवर आतपर्यंत शिजू द्या, गुलाबी राहता कामा नये. पण फार वेळ ठेवलंत तर रबर होतं. निवल्यावर दोन मोठे चमचे चक्का, मिरपूड, मीठ आणि लिंबू घालून मिक्सरमधून काढा. पाट्यावर वाटलंत तर जास्त छान. ज्वारीच्या गरम भाकरीवर लावून द्या, आठवड्यातून एकदा पुरे.

फ्रेंच लोक वर लोण्याचा थर ओततात तो टिकावं म्हणून. आपल्याकडे तो नाही, तेव्हा फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवा. पाव किलोत चौघांचं होतं. वाढायला सुरुवात सूनबाईपासून केलीत तर बहुधा काही उरायचं नाही.